लेकरांसाठी पुस्तके निवडताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. त्यातून सातवी शिकलेल्या बाईने पुस्तकांवर बोलायचे, म्हणजे थोडे हसण्यासारखेच आहे. पण गेली तीन वर्षे आपल्या मंडळाकडून शाळेच्या वाचनालयाला जी पुस्तके जातात ती निवडणाऱ्या तिघींपैकी मी एक. पैसे तुमचे. संक्रांतीच्या वाणातून वाचवलेले, पापड-कुरडया विकून जमवलेले. त्यांचा रुपयांतला हिशेब चिटणीसबाईंनी अहवालात दिला आहेच. आम्ही कुठे फसलो, कुठे भांडलो आणि शेवटी काय आणले, हा दुसरा हिशेब मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही. तो मी सांगते.

आधी थोडे माझे सांगायला हवे. माझ्या माहेरच्या शाळेत गुरुजींच्या खुर्चीमागे काचेचे एक कपाट होते आणि त्यात पुस्तके होती. चार वर्षे मी त्या पुस्तकांच्या नुसत्या पाठी पाहिल्या. पाठीवरची नावे मला डावीकडून उजवीकडे तोंडपाठ होती, आत काय आहे ते मात्र एकाचेही ठाऊक नव्हते. एकदा धीर करून एक पुस्तक मागितले, तर उत्तर मिळाले, "फाडशील." आता वाटते, त्या गुरुजींना तरी काय बोलावे? पुस्तक हरवले तर आपल्याकडून भरून घेतील, ही धास्ती त्यांच्या मानेवर बसलेली असणार. १९९३ च्या उन्हाळ्यात मी सातवी पास झाले. आठवीला दुसऱ्या गावी चालत जावे लागे. पावसाळाभर गेले. मग ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भिंतीला तडे गेले, कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपलो, आणि वडील म्हणाले, पोरगी आता नजरेआड नको. शाळा सुटली ती सुटलीच.

त्यानंतरचे माझे वाचन म्हणजे पोथी. आवाज बरा म्हणून श्रावणात गल्लीतल्या बायका मला वाचायला बसवतात, हे तुम्ही जाणताच. या पोथीने मला एक विद्या दिली. वाचता वाचता ऐकणारीच्या डोळ्यांकडे पाहायचे. कोण पेंगते, कोण मनातल्या मनात उद्याची भाजी निवडते, कुठे सगळ्या एकदम सावध होतात, हे वाचणारीला बरोबर कळते. मोठ्या बायका पुण्यासाठी तरी बसून राहतात. लेकरांना पुण्याची गरज नसते. त्यांना कंटाळा आला की ती उठून जातात. ही विद्या पुढे फार कामी आली. पण पहिल्या वर्षी ती वापरायचे मला सुचले नाही.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, आम्ही साफ फसलो. एक गृहस्थ मोठी पिशवी घेऊन दारी आले. शंभर पुस्तकांचा संच, भरघोस सवलत, वर एक भिंतीवरचा नकाशा फुकट. आम्हाला वाटले, वा, एका दमात काम झाले! संच घेतला. हार घालून, नारळ फोडून शाळेला दिला. दिवाळीनंतर मी सहज पाहायला गेले, तो पुस्तके जशीच्या तशी. काहींची पाने तर एकमेकांना चिकटलेलीसुद्धा सुटली नव्हती. मला आधी राग आला तो शिक्षकांचा. मग मी त्यांतली चार घरी आणून स्वयंपाक झाल्यावर वाचू लागले आणि राग आपल्या तिघींवर वळला. बत्तीस-बत्तीस पानांची थोरांची चरित्रे. प्रत्येकजण गरीब घरात जन्मतो, लहानपणापासून हुशार असतो, कधी खोटे बोलत नाही, आणि पान तिसावर मरतो. नाव बदलले की दुसरे चरित्र तयार. उरलेल्यांत सुविचार, निबंध आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न. टाइप इतका बारीक की मला चष्मा लावूनही दिसेना. पुस्तके वाईट होती असे म्हणवत नाही, कारण ती कोणासाठी केलेलीच नव्हती. ती विकण्यासाठी केलेली होती.

त्या रात्री मला उदगीरची आठवण झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये, २२ ते २४ तारखांना, उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याचजणी एक दिवस जाऊन आल्या होत्या. ऊन असे की डोक्यावर पदर असूनही कवटी तापावी. मी भाषणांच्या मंडपात फारशी बसले नाही. पुस्तकांच्या दालनातच फिरले. तिथे कोणी "फाडशील" म्हणत नव्हते. हवे ते उचला, उघडा, चार पाने वाचा, परत ठेवा. माझ्या आयुष्यात असे प्रथमच घडत होते. तिथे मी माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' हातात घेतले. आई, बाबा, आजी अशी घरातलीच माणसे, रोजचेच बोलणे, आणि चित्रे अशी की अक्षर न येणाऱ्या पोरानेही बोट ठेवून सांगावे. मी ते घेतले आणि शेजारच्या चार वर्षांच्या बंटीला वाचून दाखवले. त्याने ते त्या आठवड्यात इतक्या वेळा वाचायला लावले की त्याची आजी म्हणाली, "माय, आता पुरे की वो, मला बी पाठ झालं." तेव्हा चांगले पुस्तक कसे असते हे मला कळले होते. पण मंडळाचे पैसे हातात आले तेव्हा मी ते विसरले आणि वजनाने पुस्तके घेतली. दुसऱ्याचे पैसे हाती असले की माणूस आपल्या अनुभवावर विश्वास ठेवत नाही, स्वस्ताईवर ठेवतो. मी तरी ठेवला.

दुसऱ्या वर्षी ठरवले, आधी लेकरांना विचारायचे. शाळेच्या परवानगीने आम्ही पाचवीपासून पुढच्या वर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचे नाही, फक्त कशावरचे पुस्तक हवे ते लिहायचे. चिठ्ठ्या माझ्या ओसरीवर उघडल्या तेव्हा आम्ही कधी हसलो, कधी गप्प झालो. भुताच्या गोष्टी पुष्कळांना हव्या होत्या. क्रिकेट होतेच. एकाला मोबाईल आतून कसा असतो ते हवे होते. एकाने लिहिले होते, "रडायचे नको." आणि एका चिठ्ठीवर होते, "देवणी बैलाचे."

या शेवटच्या चिठ्ठीने मला ओशाळे केले. ज्या गावाच्या नावाने जातिवंत गायीबैल देशभर ओळखले जातात, त्या गावातल्या पोराला पुस्तकात झेब्रा दिसतो, कांगारू दिसतो, आणि दारातला बैल दिसत नाही. मुलांना वाचता येईल असे त्यावरचे पुस्तक आम्हाला कोणत्याही दुकानात मिळाले नाही. तेव्हा सातवीच्या वर्गानेच ते करायला घेतले आहे. पोरे म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारून येतात. पांढरा अंगाचा आणि तोंडाच्या बाजूंना काळा तो वानेरा, पांढराशुभ्र तो बाळंक्या, अंगभर काळे ठिपके तो शेवरा, हे मला स्वतःला त्यांच्याकडून नीट कळले. ती वही शिवून, पुठ्ठा घालून वाचनालयात ठेवायची आहे. तिलाही रीतसर नंबर पडेल असे बाईंनी कबूल केले आहे.

भुतांवरून मात्र आमच्यात वाद झाला. "आधीच पोरं रात्री बाहेर जायला भितात, त्यात तुम्ही पैसे देऊन भुतं आणता काय?" असे एक काकू म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. पण उदगीरच्या संमेलनाचे जे अध्यक्ष होते ते भारत सासणे, त्यांच्याच 'समशेर आणि भूतबंगला' या मुलांच्या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. एवढ्या मोठ्या सभेच्या अध्यक्षांना मुलांसाठी भूतबंगला लिहिणे कमीपणाचे वाटले नाही, तर आपल्याला आणण्यात कसला कमीपणा, असे मी म्हटले. काकू हसल्या आणि म्हणाल्या, आण, पण आधी मला वाचून दाखव. पुढच्या वर्षी, २०२५ साली, तोच पुरस्कार आपल्या नांदेडच्या सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया'ला मिळाला, तेव्हा ते पुस्तक आणा असे सुचवणाऱ्या पहिल्या याच काकू!

'श्यामची आई'वरूनही बोलाचाली झाली. साने गुरुजींचे हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले, १९३५ साली छापलेले, आणि आपल्यातल्या कितीजणी त्यावर रडलेल्या आहेत. ते वाचनालयात असलेच पाहिजे, यात दुमत नव्हते. वाद होता तो असा, की ते प्रत्येक पोराने वाचलेच पाहिजे असा नियम करायचा का. मी नको म्हटले. काढ्याची वाटी पुढे करतात तसे ते पुस्तक पुढे केले की पोर नाक मुरडते, आणि मग पंचवीस वर्षांनी जे आवडले असते तेही त्याला नकोसे होऊन बसते. "रडायचे नको" लिहिणारे पोर कोण होते आम्हाला ठाऊक नाही, पण त्याच्या घरी रडणे पुष्कळ असेल, असे माझ्या मनात आले. त्याला आधी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे द्यावा. सायकलवरून भरधाव निघालेल्या त्या फास्टर फेणेच्या मागे ते पळेल. श्यामची आई कुठे जात नाही, ती त्याची वाट पाहील.

मोठ्या मुलांचे, म्हणजे आठवी-नववी-दहावीचे, काम जास्त अवघड निघाले. ती लहानांच्या कपाटाकडे ढुंकून पाहत नाहीत आणि मोठ्यांचे पुस्तक दिले तर आपण घाबरतो. त्यांच्यासाठी 'वाचू आनंदे'चा कुमार गट घेतला. त्यात निरनिराळ्या मराठी लेखकांचे उतारे आहेत, त्यामुळे ज्याचा उतारा आवडेल त्याचे अख्खे पुस्तक पुढे मागता येते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली. १९५५ ची कादंबरी, पण धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर येतो आणि शाळेत पोरेच नसतात, हे आपल्याकडच्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या नववीतल्या मुलीसाठी म्हणून ॲन फ्रँकच्या डायरीचा मराठी अनुवाद घेतला. तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत त्या मुलीने १९४२ साली लिहायला सुरुवात केली. माझी मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतःसाठी कुलूप असलेली वही मागितली. आत काय लिहिते ते मी विचारलेले नाही. विचारावेसे फार वाटते.

आता ज्यावरून आपल्या मंडळात खरोखर फूट पडायची वेळ आली होती, ते सांगते. चिठ्ठ्यांत तीन-चार अशा होत्या की त्यांत नीट काही लिहिलेले नव्हते. "मुलींचे", "अंगातल्या बदलांचे", असे काहीतरी, आणि मग खोडलेले. मुली वयात येतात तेव्हा काय होते हे सरळ, सभ्य भाषेत, चित्रांसकट सांगणारे एका डॉक्टरबाईंचे पुस्तक आम्ही आणले. काही भगिनींनी हे शाळेत शोभत नाही, आईने सांगायचे ते पुस्तकाने कशाला, असे म्हटले. मी त्यांचा मान राखते. पण त्या दिवशी मी जे बोलले ते आजही बोलते. मला पहिल्यांदा झाले तेव्हा मला कोणी काही सांगितलेले नव्हते. मला वाटले, पोटात काही फुटले आणि मी आता मरणार. दोन दिवस मी गोठ्यामागे बसून होते. माझी आई काही वाईट बाई नव्हती. तिला शब्द सापडत नव्हते, आणि तिच्या आईलाही सापडले नव्हते. पुस्तकात ते शब्द आहेत. शेवटी तडजोड अशी झाली की ते पुस्तक कपाटात न ठेवता बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवायचे, आणि मुलीने मागितले तर नोंदवहीत नाव न लिहिता द्यायचे. खण बहुतेक रिकामाच असतो. तरी दोन घरांतून तक्रार आलेली आहे आणि प्रकरण पुरते मिटलेले नाही. आज सभेनंतर कोणाला त्यावर बोलायचे असेल तर मी थांबणार आहे.

पुस्तके हातात घेऊन पाहण्याचेही थोडे सांगते, कारण पुढे माझ्या जागी दुसरी कोणी येईल. पाने शिवलेली आहेत की नुसती पिन मारलेली, ते उलगडून पाहावे. पिनेचे पुस्तक आपल्या पावसाळ्यात गंजते. लहानांच्या पुस्तकात ओळी थोड्या आणि अक्षर ठसठशीत हवे. स्वस्त म्हणजे वाईट असे नाही: नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची पुस्तके कमी किमतीत चांगली मिळतात. एका आवडत्या पुस्तकाच्या दोन प्रती बऱ्या, नावडत्या दोन पुस्तकांपेक्षा. आपल्या शाळेत तांड्यावरची लेकरे आहेत, ती घरी गोरमाटी बोलतात. काही घरांत कानडी चालते, काहींत उर्दू. त्यांना पहिलीत पुस्तकी मराठीचा ढीग दिला तर ती मुकी होतात. त्यांच्यासाठी आधी चित्रांची पुस्तके, ज्यांत गोष्ट ज्याने त्याने आपापल्या भाषेत सांगावी. आणि घेण्याआधी निदान एका पोराला बसवून मोठ्याने वाचावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

माझा पुतण्या वाचनालयाचे शास्त्र शिकला आहे. तो सांगतो, मद्रासच्या रंगनाथन यांनी १९३१ सालीच लिहून ठेवले की पुस्तके वापरण्यासाठी असतात. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवावी लागली, यावरून कपाटांची कुलुपे सगळीकडे सारखीच असावीत. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यातही शाळेला वाचनालय हवे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके हवीत असे आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो, त्या दिवशी पुस्तके टेबलावर येतात. सोळा तारखेला ती कुठे असतात, हे आपण जाऊन पाहायला हवे.

एक प्रसंग सांगते आणि बसते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सातवीतली एक मुलगी माझ्या दारी आली. तिचे आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला निघाले होते, तीही लहान भावाला सांभाळायला जाणार होती. हातात 'तोत्तोचान' होते. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंचे पुस्तक, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेले. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली एक छोटी मुलगी, आणि तिची नवी शाळा आगगाडीच्या डब्यांत भरते. मुलीचे ते अर्धे वाचून झाले होते. पाच-सहा महिन्यांसाठी पुस्तक कसे न्यायचे, वहीत तसा नियम नाही. बाईंचाही नाइलाज होता. मी ते माझ्या नावावर घेतले आणि तिला दिले. खरे सांगते, ते परत येईल असे मला वाटले नव्हते.

एप्रिलच्या शेवटी ती आली. पुस्तकाचे मुखपृष्ठ गेले होते, त्या जागी साखरेच्या पोत्याचे कापड दोऱ्याने शिवलेले. पानांना पाचटाच्या धुराचा वास. मधली दोन पाने फाटून नाहीशी झालेली. तिने आधी त्या दोन पानांची कबुली दिली, भावाने फाडली म्हणून. मी विचारले, "मग पूर्ण वाचलीस का गं?" म्हणाली, "तीनदा वाचले वो काकू. कोपीतल्या पोरांना बी वाचून दाखवूलालते, मोबाईलची बॅटरी होती तोवर." मग थोडे थांबून म्हणाली, "त्या पोरीची शाळा जळाली की वो शेवटी." मला काही बोलता आले नाही. ती यंदा आठवीत आहे, आणि यंदा तिला आजीपाशी ठेवावे म्हणून आपण दोघी-तिघी तिच्या घरी जाऊन आलो. अजून त्यांचे नक्की नाही.

पुस्तकाच्या दंडाचा प्रश्न समितीपुढे आला तेव्हा एकीने नियम म्हणजे नियम असे म्हटले, आणि ते बरोबरच आहे. दंड मी भरला, कारण वहीत नाव माझे होते. नवी प्रत मागवली आहे. जुनी, पोत्याच्या कापडाची, मी बाद करू दिली नाही. ती कपाटात आहे, आणि पोरे नवी सोडून तीच मागतात.

यंदाची पुस्तके येत्या बुधवारी येत आहेत. दुपारी तीन वाजता माझ्या ओसरीवर त्यांना खाकी कव्हरे घालायची आहेत. कागद मी आणला आहे. कात्री ज्याची त्यांनी आणावी, आणि ज्या येतील त्यांनी निदान एक पुस्तक तिथेच बसून वाचून पाहावे.